सातव्या ग्रीनवर जायचे कपडे

“टी-शर्ट आत खोच,” मी म्हणाले. “बाहेर लोंबत ठेवलास तर गेटवरनंच परत पाठवतील.”

मुरलीनं मुकाट्यानं खोचला. पांढराशुभ्र टी-शर्ट, निळी कॉलर. आरशात तो असा बघत होता जसं काही आत दुसराच कुणी उभा आहे.

मी दोन पावलं मागं सरले आणि मान हलवली. “हा नको. काढ.”

“का गं आक्के? बरा दिसतोय की.”

“बरा दिसतोय म्हणूनच नको. नवं कोरं घालून येतो तो नवशिका, आणि नवशिक्याकडं सगळे टकामका बघतात. हा राखाडी घे. दोनदा धुतलाय मी.”

सोमवार होता. सोमवारी गोल्फ क्लब बंद असतो, गवत कापायची माणसं तेवढी आत असतात. त्यांच्यातच मिसळून मी माझ्या धाकट्या भावाला मागच्या दारानं दुकानात आणला होता आणि शटर अर्धं ओढून घेतलं होतं. क्लबातलं ते गोल्फच्या सामानाचं दुकान मी नऊ वर्षं सांभाळत होते. टोपी, बूट, पट्टा, मोजे, ग्लोव्ह, कुणाला काय शोभेल ते माणूस दारातनं आत येईपर्यंत मला कळायचं. फुशारकी नाही मारत. मोठमोठे साहेब बायकोला बाजूला सारून मला विचारायचे, “लीलाबाई, हा रंग चालेल का?”

आणि त्या सोमवारी मी माझ्या भावाला सजवत होते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्या क्लबात जाऊन उत्तमराव गराड्याला मारणार होता.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. इतका की सकाळपासून घास गिळवत नव्हता.

उत्तमराव आमच्याच गावचा. आधी सरपंच, मग जमिनीचा दलाल, मग या क्लबाचा मेंबर. हा क्लब उभा राहिला तो आमच्या भातखाचरांवर. सगळ्यांनी सह्या केल्या, आमच्या थोरल्यानं, हरिभाऊनं केली नाही. अकरा वर्षांपूर्वी मार्गशीर्षात भात झोडायला खळ्यावर पसरलं होतं, तेव्हा उत्तमराव चौघांना घेऊन आला. कुदळीचा दांडा त्याच्या स्वतःच्या हातात होता. हरिभाऊची आधी बोटं मोडली, म्हणाला, “आता अंगठा तरी उठव.” हरिभाऊ थुंकला. मग डोकं फोडलं. मी बांधावर होते, मला दोघांनी धरलं होतं. कोर्टात साक्षीदार फिरले आणि माझ्या एकटीच्या साक्षीला कुणी विचारलं नाही. उत्तमराव हार घालून गावात आला.

त्या खळ्याच्या जागी आता सातवी ग्रीन होती. ग्रीन म्हणजे ती गालिच्यासारखी बारीक कापलेली हिरवळ, मधोमध भोक आणि झेंडा.

लोक मला विचारायचे, तिथंच कशी काय नोकरी करतेस? नवरा वारला होता, पदरात पोर होती, हे एक. दुसरं मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला तो माणूस डोळ्यांसमोर हवा होता.

“आता बूट,” मी म्हणाले. “पाऊल पुढं कर. नऊ नंबर ना?”

“आक्के, याच्या तळाला काय हाय? दात?”

“रबराचे खिळे. गवतावर घसरू नये म्हणून. फरशीवर फार आवाज करू नकोस.”

मुरली मालवाहू गाडी चालवायचा. चपलेशिवाय दुसरं काही त्याच्या पायात मी लग्नकार्यातसुद्धा बघितलं नव्हतं. बूट घालून तो तीन पावलं चालला आणि चौथ्याला हसला. मी कुंडीतली ओली माती बोटानं उचलली, बुटाच्या कडांना चोळली, फडक्यानं अर्धवट पुसली. आता ते बूट चार महिने वापरल्यासारखे दिसत होते.

“लई हुशार गं तू,” तो म्हणाला.

“गप बस. पट्टा इथं, तिसऱ्या भोकात. पँटीला इस्त्री नको फार. जीन्स चालत नाही, सहा खिशांची चालत नाही, हे ध्यानात ठेव. टोपी खाली ओढ. अजून. डोळे दिसायला नकोत.”

मग मी ग्लोव्हचा खण उघडला.

“एकच?” मुरली म्हणाला. “दुसरा हरवला का काय?”

“एकच असतो. उजव्या हातानं खेळणारा डाव्यात घालतो. बोटं सरळ धर... हां. दोन बोटांच्या मधली जागा दाब. आता मूठ वळ.”

मेंढीच्या कातड्याचा पातळ ग्लोव्ह होता. मनगटावरची पट्टी मी न बघताच लावली. कारण दर दीड महिन्याला हेच मी उत्तमरावाला करायची. तो काउंटरवर डावा पंजा पसरायचा, “घाला बाई,” म्हणायचा, आणि मी त्याचं एकेक बोट दाबून बसवायची. ज्या हातानं माझ्या भावाची बोटं मोडली, त्या हाताची बोटं. त्यानं मला ओळखलं होतं का? पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. एकदा म्हणालासुद्धा, “झालं गेलं गंगेला मिळालं, नाही का लीलाबाई?” मी म्हणाले, “हो साहेब. मध्यम साइज बसेल तुम्हाला.”

घरी येऊन हात राखेनं घासले होते मी त्या दिवशी.

“हा काढायचा नाही,” मी मुरलीला म्हणाले. “रोज खेळणाऱ्याचा डावा हात गोरा असतो, उजवा रापलेला. तुझे दोन्ही काळेकुट्ट आहेत. काढलास की कळलं.”

“न्हाई काढत.”

“चालून दाखव. हळू. तुला काय एसटी पकडायचीय? पोट जरा पुढं सोड. इथली माणसं कुणाच्या बापाला घाबरत नाहीत, तशी चालतात.”

दुकानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तो सात-आठदा चालला. शेवटी शेवटी मलाच तो ओळखू येईना. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली.

“उद्या सकाळी साडेसहाला गेटवर ये. नवी स्टिक हाताळून बघायला गिऱ्हाइकाला तासाभराची चिठ्ठी देता येते आम्हाला. ती मी लिहून ठेवलीय. तो मंगळवारी एकटाच खेळतो, बरोबर बॅग उचलणारा कॅडी घेत नाही. सात-सव्वासातला सातव्यावर असतो. बाकी कुणी साडेआठशिवाय उगवत नाही.”

“आन सातव्या ग्रीनपर्यंत मला कुणी अडवणार न्हाई?”

“या कपड्यांत? सलाम ठोकतील.”

मी कोपऱ्यातली जुनी बॅग त्याच्यापुढं सरकवली. पाच स्टिका होत्या आणि बाजूला लांब चेनचा खिसा. “यात मावेल ना? कोयता आडवा बसेल बघ.”

“बॅगेचं मी बघतो,” मुरली म्हणाला.

तो असाच होता, कमी बोलणारा. त्याला इथवर आणायला मला अकरा वर्षं लागली होती. दर राखीला मी त्याला ऐकवायची, “ही हरिभाऊच्या नावाची. तू फक्त हात पुढं कर.” त्या वर्षी भाऊबीजेला तर मी कहर केला. तो पाटावर बसला, मी ओवाळलं नाही. ताटात डझनभर हिरव्या बांगड्या ठेवल्या आणि ताट त्याच्यापुढं सारलं. माझी नऊ वर्षांची कावेरी तिथंच उभी होती, मामाकडं बघत. मुरली उठला आणि न जेवता गेला. पाच आठवड्यांनी फोन आला. “आक्के, मंगळवारी मला क्लबात जायचंय. सातव्या ग्रीनवर. तुला करता येईल काय?”

मंगळवारी हरिभाऊ गेल्याचा दिवस होता. म्हटलं, बघा, पोरानं दिवससुद्धा नेमका धरला.

मंगळवारी धुकं होतं. पावणेसातला मुरली गेटमधून आत आला. गेटवाल्यानं चिठ्ठीकडं नीट पाहिलंही नाही, “गुड मॉर्निंग, सर,” म्हणाला. मुरलीनं मान तेवढी हलवली. खांद्यावर बॅग, टोपी खाली, चाल संथ. माझ्यासमोरून गेला, माझ्याकडं बघितलं नाही, आणि धुक्यात शिरला.

मी दुकानात थांबायचं, असं मी स्वतःला बजावलं होतं. दहा मिनिटं थांबले. मग राहवेना. उत्तमरावानं मागवलेला ग्लोव्ह आला होता, तो पोचवायचं निमित्त केलं, सामान न्यायची बग्गी काढली आणि सहाव्या ग्रीनच्या करंजाआड उभी केली. तिथून सातवी ग्रीन हाकेच्या अंतरावर, आणि धुकं विरायला लागलं होतं. मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. हरिभाऊचं बघितलं होतं ना, मग हेही बघायचं होतं.

उत्तमराव झेंड्यापाशी वाकून उभा होता, चेंडू भोकात ढकलायची ती छोटी स्टिक हातात घेऊन. त्याची पाठ मुरलीकडं होती. मुरली मागून येत होता. वीस पावलं. पंधरा. मनातल्या मनात मी ओरडत होते, काढ, आता काढ.

ग्रीनच्या कडेला मुरली थांबला. बॅग खाली ठेवली. आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

मला काही कळेचना. एक बूट काढला, दुसरा काढला. मोजे काढून बुटात कोंबले. बूट जोडीनं बाजूला नीट ठेवले. टोपी काढली. आणि अनवाणी पायानं हिरवळीवर चढला.

खळ्यावर पायताण घालून जात नाहीत. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. अन्न असतं तिथं. पण तिथं खळं राहिलं होतं कुठं! मी स्वतः शंभरदा तिथं पाण्याच्या बाटल्या पोचवल्या होत्या, सँडल घालून. मला एकदाही सुचलं नव्हतं. आणि हा गाढव तिथं, त्या वेळी, बूट काढून उभा.

उत्तमराव वळला. आधी त्याची नजर पायांवर गेली. काळे, भेगाळलेले, फताडे पाय, वर इस्त्रीची पँट. मग तोंडावर. तोही शेतकऱ्याचाच पोर. त्याला क्षणात उमजलं.

“केदाऱ्याचा तू,” तो म्हणाला. “हरीचा भाऊ.”

“व्हय,” मुरली म्हणाला. “दादा, बूट काढा. खळं हाय हे.”

“मारायला आलास? मला?”

“बूट काढा म्हणतोय फकस्त.”

उत्तमरावानं स्टिक दोन्ही हातांनी धरली आणि आडवी हाणली. मुरलीच्या उजव्या डोळ्यावर बसली. तो आवाज मी तेवढ्या लांबून ऐकला. मुरली गुडघ्यावर आला, पण हात वर केला नाही. त्यानं का नाही केला! दुसरी कानशिलावर. तिसरी खांद्यावर. उत्तमराव किंचाळत होता, “मला मारायला येतोस? माझ्या क्लबात येऊन?” भ्यायला होता तो, ओठ पांढरे पडले होते, आणि भ्यालेला माणूस थांबत नाही.

मी धावत सुटले. बॅग वाटेतच पडली होती. खिशाची चेन ओढली आणि कोयत्यासाठी हात आत घातला.

नारळ हाताला लागला.

मी अजून आत चाचपलं. हळद-कुंकवाची पुडी. फडक्यात बांधलेला भात आणि वर पिवळं वरण, नैवेद्याचं. उदबत्त्या. चार ताज्या भाताच्या लोंब्या. कोयता नव्हताच. सुरी नव्हती, दगड नव्हता. तो हरिभाऊला नैवेद्य घेऊन आला होता.

हे मला तिथंच, त्या क्षणी कळलं. नंतर कळलं असं मी कुणाला सांगत नाही आणि स्वतःलाही सांगू देत नाही. मला नारळ हाताला लागला तेव्हाच कळलं. ओरडून माणसं बोलावता आली असती. मध्ये पडता आलं असतं. उत्तमराव साठीचा, दमलेला, मी एक धक्का दिला असता तरी पडला असता.

मी बॅगेतली लोखंडी स्टिक उपसली.

पावलांच्या आवाजानं तो वळला. मला पाहून त्याचा चेहरा सैल झाला, चक्क सुटल्यासारखा. “लीलाबाई, अहो, माणसं बोलवा, हा...”

मी हाणली. डोक्याच्या बाजूला, कानाच्या वर. तो हात डोक्याकडं नेत नेत खाली बसला. मग परत हाणली. डाव्या हाताचा तो ग्लोव्ह त्यानं वर धरला होता, मी बसवलेला, त्याच्यावरूनच हाणली. हरिभाऊ, हरिभाऊ असं काहीतरी मी म्हणत होते, असं मुरलीनं नंतर सांगितलं. मला आठवतं ते एवढंच की मला बरं वाटत होतं. पोलिसांनी तीन घाव लिहिले. चार होते.

“आक्के,” मुरली म्हणाला. “बास. मेला त्यो.”

तो उठून बसला होता. उजव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं. माझ्या मुठीतली स्टिक त्यानं बोट बोट सोडवून काढून घेतली. टी-शर्टाचं खोचलेलं टोक बाहेर ओढलं, त्यानं स्टिकची मूठ पुसली, आणि मग आपल्या उघड्या उजव्या हातात ती घट्ट धरली.

“जा दुकानात.”

“मुरल्या, तुझा डोळा...”

“कावेरीला शाळेतनं कोण आणणार हाय? जा म्हणतो ना!”

मी गेले.

मी थांबले नाही, रडले नाही, गेले. बग्गी जागेवर लावली, शटर वर केलं. माझ्या फिकट निळ्या क्लबाच्या टी-शर्टावर छातीपासून बाहीपर्यंत शिंतोडे होते. रॅकवरून बायकांचा गडद मरून रंगाचा काढला, मध्यम साइज. त्यावर काही दिसणार नाही हे मला कपड्यांतलं कळतं म्हणून कळलं. निळा मागच्या दाराशी पाणी तापवायच्या शेगडीत घातला. साडेआठला एका मेंबराची बायको आली, तिला उन्हाची टोपी हवी होती. मी तिला दोन दाखवल्या आणि लहान काठाची घ्या म्हणाले. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला.

फौजदारानं मला दुपारी बसवलं. “कपडे तुम्हीच दिलेत?”

“हो साहेब.”

“कशाला?”

मी रडत रडत खोटं रचलं. म्हणाले, “भावाच्या दिवसाला जुनी जागा एकदा बघायची होती त्याला. असं कुणी आत सोडत नाही, म्हणून कपडे दिले. त्याच्या मनात काय होतं मला काय ठाऊक?” साहेबानं लिहून घेतलं. आणि लिहून होईपर्यंत माझ्या ध्यानात आलं, मी खोटं म्हणून सांगितलं ते सगळं खरं होतं.

सुडाचा खून. वेष बदलून, ठरवून, त्याच तारखेला. मुरलीनं सगळं कबूल केलं. वकील म्हणाला, “नैवेद्याचं काय?” सरकारी वकिलानंच उत्तर दिलं, आधी बळी मग नैवेद्य. गावाला ते पटलं. गाव तर खूश झालं. केदाऱ्यांच्या मुरलीनं भावाचे पांग फेडले, असं पारावर बोलायला लागले, मला रस्त्यात थांबवून हात जोडायला लागले. जन्मठेप झाली.

सहा महिन्यांनी येरवड्याला पहिली भेट मिळाली. जाळीच्या पलीकडं तो बसला, एक डोळा मिटलेला, केस भादरलेले. मी घरून ठरवून गेले होते.

“मी साहेबांना सांगते खरं,” मी म्हणाले. “कावेरीला आत्याकडं ठेवीन.”

“त्या आत्याकडं? जी तिला उपाशी निजवते?” तो म्हणाला. “काय बी सांगायचं न्हाई. झालं ते झालं.”

“झालं कसं? तुझा जन्म गेला माझ्या पायी!” मला राग आला. हो, मलाच. इतकी मी निर्लज्ज. “तू आधी सांगायचंस ना रे! मला मारायचं न्हाई, नारळ फोडायचाय, असं सांगायचंस ना तोंडानं! मी काय खाल्लं असतं तुला?”

शिपायानं घड्याळात बघितलं.

“तू सगळं विचारलंस आक्के,” मुरली म्हणाला. “कंबर केवढी, पाऊल केवढं. कशाला जातोस ते विचारलं न्हाईस.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

“सांगायचंच म्हणून आलो हुतो सोमवारी. दारातच सांगणार हुतो.” त्यानं जाळीकडं बघितलं, माझ्याकडं नाही. “पर तू हसत हुतीस. टाळ्या वाजवल्यास. हरिभाऊ गेल्यापास्नं तुला हसताना बघितलंच नव्हतं मी. मग म्हटलं, एक दिवस हसू दे, परवा सांगू.”

वेळ संपली. शिपायानं त्याला उठवलं. तो चौदा वर्षं आत होता, आणि मी बाहेर.